कुत्र्याला घेऊन शांत बागेत

ऊन पडलेल्या रविवारी दुपारी लंडनच्या हाइड पार्कमध्ये काय काय चालू असतं, ते आठवून पाहा. सायकली, स्कूटर, ढकलगाडीतली बाळं, फुटबॉल, चटईवर उघडलेले खाऊचे डबे, बदकांना पाव टाकणारी मुलं आणि लहानमोठी कितीतरी कुत्री. आपल्याला ही जत्रा आवडते. पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला जो आहे, त्याचं काय? त्याचे डोळे आपल्या गुडघ्याच्या उंचीवर असतात. त्याला दिसतात ते भराभर चालणारे पाय आणि अंगावर येणारी चाकं. त्याचं नाक आपल्या नाकापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण असतं, त्यामुळे शंभर माणसांचे आणि पन्नास डब्यांचे वास त्याला एकदम येतात.

काही कुत्र्यांना हे सगळं मनापासून आवडतं. अशा कुत्र्यांसाठी हा धडा नाही! हा धडा आहे तो घाबरणाऱ्या कुत्र्यांसाठी: म्हाताऱ्या, आधी कुणीतरी सोडून दिलेल्या, किंवा 2020-21 मध्ये कोविडच्या टाळेबंदीत जन्मलेल्या. त्या काळात पिल्लांना बाहेरची माणसं आणि दुसरी कुत्री भेटलीच नाहीत. लहानपणी जे पाहिलं नाही, त्याची मोठेपणी भीती वाटते.

भीती वाटली की कुत्रा लगेच चावत नाही. आधी तो सांगतो. मराठीत 'शेपूट घालणे' असा वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ घाबरून माघार घेणे. तो कुत्र्याकडे बघूनच आलेला आहे, कारण घाबरलेला कुत्रा खरोखरच शेपूट मागच्या दोन पायांमध्ये घालतो. पण त्याच्याही आधीच्या खुणा असतात. तो तोंड फिरवतो, समोर खाऊ नसताना ओठ चाटतो, कान मागे घेतो, जांभई देतो. आपल्याला वाटतं, याला झोप आली. झोप नाही, त्याला तिथून निघायचं असतं. या खुणा कुणी वाचल्या नाहीत, की मग तो भुंकतो, दात दाखवतो. आणि त्याकडेही दुर्लक्ष झालं, तर चावूही शकतो.

घरी असा कुत्रा असला की काय होतं, हे काही जणांना माहीत असेल. बाहेर नेलं की तो भुंकतो, लोक वळून बघतात, आपल्याला लाज वाटते. मग फेऱ्या कमी होतात. फेऱ्या कमी झाल्या की तो घरात चपला कुरतडतो, दारावर पंजे मारतो. आणि एक दिवस घरातलं कुणीतरी म्हणतं, "आपल्याला नाही जमणार हे, देऊन टाकू या त्याला." काही वेळा खरंच दुसरा उपाय नसतो. पण त्या निर्णयाआधी एक साधी गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. कुत्रा तोच ठेवायचा आणि बाग बदलायची.

आता थोडं भाषेविषयी. 'पार्क'ला मराठीत काय म्हणायचं? बाग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फुलांचे वाफे, झोपाळे आणि भेळ येते. उद्यान हा त्याचाच पाटीवरचा, जरा इस्त्री केलेला शब्द. खेळायची मोकळी जागा ते मैदान, झुडपं-गवताची उघडी जमीन तो माळ, आणि दाट झाडी असेल तर रान. पुण्यामुंबईत महापालिकेच्या अनेक बागांच्या फाटकावर 'कुत्र्यांना मनाई' अशी पाटी असते, म्हणून पुण्यातले कुत्रेवाले सकाळी सकाळी टेकडी गाठतात. लंडनमध्ये एकाच 'पार्क'मध्ये बाग, मैदान, माळ आणि रान असं सगळं असू शकतं. शांत जागा शोधायची म्हणजे बहुतेक वेळा त्यातला माळ आणि रान शोधायचं.

पण शांत म्हणजे निर्मनुष्य नव्हे. (निर्मनुष्य = जिथे एकही माणूस नाही.) घाबरट कुत्र्याला हवं असतं ते अंतर. समोरून दुसरा कुत्रा येताना तो लांबूनच दिसला पाहिजे, आणि आपल्याला बाजूला सरकायला जागा पाहिजे. म्हणून नवीन जागी गेलात की तीन गोष्टी बघा: वाट किती रुंद आहे, वळणापलीकडचं दिसतं का, आणि बाहेर पडायला दुसरी वाट आहे का. या कसोटीवर लंडनमधल्या काही जागा पाहू.

आधी आपल्या ओळखीची जागा. 1932 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची इमारत डॉलिस हिल लेनवर आहे. गणपतीला किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाला तिथे गेलेले बरेच जण शेजारचा ग्लॅडस्टन पार्क न बघताच परत जातात. इथे पूर्वी डॉलिस हिल हाउस नावाचं घर होतं. इंग्लंडचे पंतप्रधान ग्लॅडस्टन तिथे पाहुणे म्हणून येत, म्हणून बागेला त्यांचं नाव. 1900 च्या उन्हाळ्यात अमेरिकन लेखक मार्क ट्वेनही त्या घरात राहिला होता. बाग 1901 मध्ये लोकांसाठी खुली झाली. घर मात्र आता नाही, 2012 मध्ये ते पाडलं. बागेचा वरचा भाग उंचावर आहे, तिथून वेम्बली स्टेडियमची कमान दिसते. उतारावर गवत मोकळं आहे, त्यामुळे समोरून कोण येतंय ते लांबूनच कळतं. आपल्या कसोटीवर ही जागा चांगली उतरते. एक गोष्ट लक्षात ठेवा: बागेतून रेल्वेमार्ग जातो. त्यावरून मालगाड्या जातात. आवाजाला दचकणारा कुत्रा असेल, तर पहिल्या दिवशी रुळांपासून लांब राहा.

त्याच भागात, किंग्जबरीच्या बाजूला, फ्रायंट कंट्री पार्क आहे. माझ्या मते वायव्य लंडनमधली कुत्र्यासाठी ही सगळ्यात छान जागा, आणि तरी ती फार लोकांना माहीत नाही. जुन्या शेतांचे तुकडे, त्यांच्यामध्ये झाडाझुडपांची कुंपणं, एक तळं आणि बार्न हिल नावाची टेकडी. या टेकडीवरची झाडं लावण्याची आखणी हम्फ्री रेप्टन या प्रसिद्ध उद्यानरचनाकाराने 1793 मध्ये केली होती. शेताला कुंपण असल्याचा आपल्याला फायदा होतो. एका शेतात दुसरा कुत्रा दिसला की आपण शेजारच्या शेतात शिरायचं. दोघांच्या मध्ये हिरवी भिंत! फक्त जाण्याआधी वेम्बली स्टेडियमवर सामना किंवा गाण्याचा कार्यक्रम आहे का ते बघा. तिथे 90,000 माणसं बसतात, आणि ती सगळी वेम्बली पार्क स्टेशनवरच उतरल्यासारखी वाटतात.

उत्तर लंडनमध्ये पार्कलँड वॉक आहे. ही बाग नाहीच, हा जुना रेल्वेमार्ग आहे. फिन्सबरी पार्कहून अलेक्झांड्रा पॅलेसकडे गाड्या जायच्या. प्रवाशांची वाहतूक 1954 मध्ये थांबली, रूळ निघाले, झाडं वाढली, आणि 1984 मध्ये तिथे पायवाट खुली झाली. क्राउच एंड स्टेशनचे फलाट अजून तसेच आहेत. गाडी कधीच येणार नाही असं स्टेशन! जवळच्या एका कमानीत मॅरिलिन कॉलिन्स या शिल्पकर्तीने बनवलेली 'स्प्रिगन'ची मूर्ती भिंतीतून बाहेर वाकलेली दिसते. स्प्रिगन म्हणजे कॉर्नवॉलच्या लोककथांमधलं एक भूत. मुलांना हे सगळं फार आवडतं. पण आपली कसोटी लावून बघा. वाट अरुंद आहे, दोन्ही बाजूंना चढ किंवा उतार, मागून सायकल येते, पुढून धावणारा येतो, आणि बाजूला सरकायला जागा नाही. जागा सुंदर आहे, शांतही आहे, पण घाबरट कुत्र्याला अवघड. तिथे न्यायचंच असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, भल्या पहाटे.

त्याच वाटेच्या मधे हायगेट वुड आणि क्वीन्स वुड ही दोन जुनी रानं समोरासमोर आहेत, मधे फक्त एक रस्ता. हायगेट वुडमध्ये कॅफे आहे, मुलांची खेळायची जागा आहे, मैदान आहे, म्हणून सगळे तिकडे जातात. क्वीन्स वुडमध्ये चढउतार जास्त आणि माणसं कमी. तुम्ही कुठे जाल, हे आता मला सांगावं लागू नये.

रिचमंड पार्कबद्दल मात्र सावध करायला हवं. जागा एवढी मोठी की एखाद्या कोपऱ्यात तास तास कुणी भेटत नाही. पण तिथे 600 हून जास्त हरणं राहतात. 2011 मध्ये फेंटन नावाचा एक कुत्रा तिथे हरणांच्या कळपामागे धावला आणि त्याचा मालक हाका मारत त्याच्या मागे, हा व्हिडिओ जगभर बघितला गेला. लोक हसले. मालकाला नक्कीच हसू आलं नसेल! आणि हरणांसाठी तर तो मुळीच खेळ नव्हता. मे ते जुलै या काळात हरिणी पिल्लांना उंच गवतात लपवून ठेवतात आणि कुत्रा जवळ आला तर त्याच्यावर चालून जातात. म्हणून त्या महिन्यांत रिचमंड आणि बुशी पार्कमध्ये कुत्र्याला दोरी लावलीच पाहिजे, असा नियम आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नर हरणं एकमेकांशी लढतात, तेव्हाही लांबच राहायचं. निदान 50 मीटर अंतर ठेवा. पूर्व लंडनमध्ये वॉनस्टेड फ्लॅट्सच्या माळावर अशीच काळजी एका छोट्या पक्ष्याची घेतात. चंडोल जमिनीवर घरटं करतो, म्हणून वसंतात आणि उन्हाळ्यात माळाचा काही भाग कुंपण घालून बंद ठेवतात. आपल्यासाठी शांत असलेली जागा कुणाचं तरी बाळंतघर असू शकतं.

जागेइतकीच वेळ महत्त्वाची. तीच बाग सकाळी सातला रान असते आणि अकराला बाजार. शनिवारी सकाळी नऊ वाजता तर खास जपा. 2004 मध्ये बुशी पार्कमध्ये थोड्याशा माणसांनी 5 किलोमीटरची एक धाव सुरू केली. तीच आज 'पार्करन' म्हणून देशभर, जगभर पसरली आहे, आणि ग्लॅडस्टन पार्कमध्येही होते. शेकडो माणसं एकाच दिशेने धावत येताना पाहून धीट कुत्राही गडबडतो. डिसेंबरात सूर्य चार वाजायच्या आधीच मावळतो, त्यामुळे शाळा सुटल्यावर उजेडात फेरी होतच नाही. तेव्हा कुत्र्याच्या पट्ट्याला दिवा लावा आणि रानाऐवजी उघडं मैदान निवडा. पाऊस पडत असेल तर? मग सगळं लंडन तुमचंच. रेनकोट घाला आणि निघा.

आता जरा अवघड विषय. भारतातून तुमचे आजी-आजोबा आले, की ते कुत्रा बघून रस्ता बदलतात का? त्यांना हसू नका. भारतात रस्त्यावरचा कुत्रा चावला की रेबीजची भीती असते. रेबीज झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून लगेच इंजेक्शनं घ्यावी लागतात. ब्रिटनमधल्या कुत्र्यांत रेबीज नाही. पण लहानपणापासून अंगात मुरलेली भीती विमानातून उतरताना मागे राहत नाही. बागेत तुमचा कुत्रा आनंदाने एखाद्या आजींकडे धावतो, तेव्हा तुम्ही ओरडून सांगता, "घाबरू नका, तो काही करत नाही." त्यांना ते कसं कळणार?

इथला कायदाही त्या आजींच्या बाजूने आहे. 1991 च्या 'डेंजरस डॉग्ज ॲक्ट'प्रमाणे कुत्रा चावलाच पाहिजे असं नाही. तो आपल्याला इजा करेल अशी एखाद्याला वाजवी भीती वाटली, तरी तो 'धोकादायकरीत्या ताब्याबाहेर' आहे असं मानता येतं. (वाजवी = योग्य, ज्याला कारण आहे अशी.) म्हणून दोरी सोडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा. मी हाक मारल्यावर हा येतो का? 'बहुतेक वेळा येतो' हे उत्तर असेल, तर दोरी हातातच राहू द्या. पाच-दहा मीटरची लांब दोरी मिळते. ती छातीपट्ट्याला बांधा, गळ्यातल्या पट्ट्याला नको, नाहीतर पळताना मानेला हिसका बसतो. कुत्र्याला मोकळं वाटतं आणि तुमच्या जिवाला घोर नाही. काही लोक दोरीला पिवळी फीत बांधतात. तिचा अर्थ, 'माझ्या कुत्र्याला जागा हवी आहे, कृपया जवळ येऊ नका.' तुम्हीही बांधू शकता. आणि दुसऱ्याच्या कुत्र्यावर दिसली, तर हात लावायला जाऊ नका, कितीही गोंडस असला तरी.

इंग्लंडमध्ये आणखी दोन गोष्टी सक्तीच्या आहेत. बाहेर जाताना कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर मालकाचं नाव आणि पत्ता हवा, आणि एप्रिल 2016 पासून त्याच्या कातडीखाली मायक्रोचिप हवी. घर बदललं की चिपच्या नोंदीतला पत्ताही बदलायचा असतो. हे लोक हमखास विसरतात. मग हरवलेला कुत्रा सापडतो, पण मालक सापडत नाही.

शी उचलण्याबद्दल फार बोलायची गरज नाही, पण कारण माहीत हवं. कुत्र्याच्या शीमध्ये टॉक्सोकारा नावाच्या जंताची अंडी असू शकतात. ती मातीत खूप दिवस टिकतात, आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या तोंडात गेली तर क्वचित डोळ्याला इजा होऊ शकते. म्हणून पिशवी हवी, आणि कुत्र्याला वेळेवर जंताचं औषधही. शी पिशवीत भरून ती पिशवी झाडाला टांगून जाणारी माणसं मला कधीच समजली नाहीत.

रानातल्या जागेचे काही धोके ऋतूंप्रमाणे बदलतात. जून-जुलैमध्ये उंच गवताची कुसळं कुत्र्याच्या पंजात, कानात शिरतात आणि मागे फिरत नाहीत, आत आत जातात. फ्रायंटसारख्या गवताळ जागेवरून आलात की बोटांच्या मधे हात फिरवून बघा. गोचिडी असतील तर त्याच वेळी सापडतील. कडक उन्हाळ्यात तळ्याच्या पाण्यावर निळसर-हिरवा तवंग आला असेल, तर ते पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नका, त्याने जीवही जाऊ शकतो. पोहण्याबद्दल अजून एक गोष्ट आहे. पिसवा मारायला मानेवर जे औषधाचे थेंब टाकतात, त्यातल्या काहींत फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं. ही कीटकनाशकं ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना इंग्लंडच्या नद्यांमध्ये सापडली. म्हणजे औषध पिसवांबरोबर पाण्यातले किडेही मारतं. थेंब टाकल्यावर किती दिवस पाण्यात सोडायचं नाही, ते खोक्यावर वाचा किंवा जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. शरद ऋतूत ओकची फळं पोटात गेली तरी त्रास होतो. आणि दिवाळी ते 5 नोव्हेंबरची 'बॉनफायर नाइट' या दिवसांत अंधार पडण्याआधीच फेरी उरकून घ्या. आपल्या सणाच्या फटाक्यांनी घाबरून पळालेला कुत्रा शोधत फिरण्याइतकी वाईट दिवाळी दुसरी नाही.

शेवटी हाका मारण्याविषयी. मराठी घरातल्या कुत्र्याला मराठी कळतं का? कळतं! त्याला भाषा नाही, आवाज कळतो. 'बस', 'थांब', 'ये', 'सोड', 'चल' हे आज्ञार्थी शब्द (आज्ञार्थी = काहीतरी कर असं सांगणारे) छोटे आहेत, एकमेकांपासून वेगळे ऐकू येतात, म्हणून शिकवायला सोपे. अडचण येते ती घरातला प्रत्येक जण वेगळं बोलतो तेव्हा. आई म्हणते, "ये इकडे," बाबा म्हणतात, "कम हिअर," आणि ताई म्हणते, "अरे ए शहाण्या, येतोस का आता?" कुत्रा बिचारा तिघांकडे बघत उभा राहतो. घरात बसून ठरवा: बोलवायचं असेल तेव्हा एकच शब्द, सगळ्यांनी तोच. तो शब्द रागावताना कधी वापरायचा नाही, आणि कुत्रा आला की दर वेळी खाऊ द्यायचा. आधी घरात, मग मागच्या अंगणात, मग ग्लॅडस्टन पार्कच्या मोकळ्या उतारावर लांब दोरी लावून. वाटेत ट्यूबने जाणार असाल तर कुत्र्याला तिकीट लागत नाही, पण सरकत्या जिन्यावर त्याला उचलून घ्यावं लागतं. तीस किलोचा लॅब्रेडॉर असेल, तर लिफ्ट असलेलं स्टेशन आधीच शोधून ठेवा.

वाचून झाल्यावर

तुम्ही लंडनमध्ये राहत नसाल, तर तुमच्या गावातल्या एका बागेला आपली तीन प्रश्नांची कसोटी लावा: रुंद वाट, लांबवर दिसणं, दुसरी वाट. त्याबद्दल आठ-दहा वाक्यं लिहा. कुत्र्याला भिणाऱ्या घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला त्याचं कारण विचारा आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांनी घरात बोलवण्यासाठी कोणता शब्द ठरला ते पुढच्या तासाला वर्गात सांगा.